राजवाडे ड्राइव्हवेवर राहतात

जानेवारीतल्या एका रविवारी, चहात बिस्किट बुडवता बुडवता, उल्हास राजवाडेने जाहीर केलं की व्याही येतील तेव्हा आपण दोघांनी बाहेर ड्राइव्हवेवर, गाडी लावायच्या जागेत, कॅराव्हॅनमध्ये झोपायचं. त्याच क्षणी बिस्किट तुटून चहात पडलं. हा अपशकुन आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण तो चमच्याने बिस्किट शोधण्यात गुंतला होता.

"स्वतःचं घर असताना?" मंजिरीने विचारलं.

"घरात खोल्या किती? आपली एक. दुसरीत स्वराली आणि तिचं अख्खं ऑफिस. तिसरीत एक्सरसाइज बाइक आणि इस्त्रीचे कपडे. व्याह्यांना काय बाइकवर झोपवायचं?"

"राउंडअबाउटपलीकडे चांगलं हॉटेल आहे."

उल्हासने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने व्याह्यांना इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावच्या बसस्टॉपवर झोपवायचं सुचवलं होतं. मुलीचे होणारे सासू-सासरे नागपूरहून पहिल्यांदा येणार, लग्नाची बोलणी करणार, आणि त्यांना हॉटेलात? तिकडे काय म्हणतील? मुळात होणारा जावई प्रणव चार मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहत होता, तिथे आईवडिलांना ठेवायची सोय नव्हती. म्हणजे मान राखायची सगळी जबाबदारी राजवाड्यांवर. आडनाव राजवाडे आणि पाहुण्यांना जागा नाही, हा टोमणा मारायला नागपूरला फार कष्ट पडणार नव्हते.

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायची ती चाकांवरची खोली, अनुपची. अनुप हा महाराष्ट्र मंडळातला मित्र. त्याने ती लॉकडाऊनमध्ये उत्साहाच्या भरात घेतली, दोनदा वापरली, आणि तेव्हापासून त्याची बायको वरदा "ही जाते की मी जाऊ" असं विचारत होती. त्यामुळे उल्हासने फोन केला तेव्हा अनुपने "हवी तितके दिवस ठेव" असं म्हटलं, आणि वाक्य संपायच्या आत ती गाडीला जोडून निघालासुद्धा.

कॅराव्हॅन मागे घेत ड्राइव्हवेवर चढवणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते, आणि उजवीकडे वळवलं की शेजाऱ्याच्या गुलाबांकडे जाते. अनुप गाडीत, उल्हास मागे हात हलवत. "ये, ये, ये, थांब, अरे थांब!" या पुणेरी मराठी मार्गदर्शनाला समोरच्या ब्रेंडाने खिडकीचा पडदा सरकवून दाद दिली. शेवटी शेजारचे कॉलिन बाहेर आले. निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर कॅराव्हॅन घेऊन हिंडलेले. त्यांनी काही न बोलता अनुपला गाडीतून उतरवलं आणि एका दमात ती जागेवर लावून दिली. मग मात्र ते बोलू लागले.

"मेट, एक लक्षात ठेव. थंडी तुझी शत्रू नाही. डॅम्प, म्हणजे ओल, तुझा शत्रू आहे. खिडकी थोडी उघडी ठेव."

"ऊब हवी म्हणून खिडकी उघडी?" उल्हासला वाटलं आपलं इंग्रजी चोवीस वर्षांनंतरही कच्चंच राहिलं.

"खिडकी?" अनुप मराठीत कुजबुजला. "वेडा आहे तो. सगळ्या फटी टेपने बंद कर."

उल्हासने मध्यममार्ग काढला, म्हणजे अनुपचं ऐकलं. टेप घेऊन फटी बुजवता बुजवता तो जमिनीलगतच्या जाळीपर्यंत पोचला, तेव्हा कॉलिन दारातून ओरडले, "ते गॅसचे व्हेंट आहेत! ते बंद केलेस तर झोप उत्तम लागेल, पण सकाळी जाग येणार नाही!" उल्हासने टेप मुकाट्याने काढला. खिडक्यांना मात्र त्याने चंदेरी फॉइल लावलं. बाहेरून कॅराव्हॅन एखाद्या भल्यामोठ्या बिर्याणीच्या पार्सलासारखी दिसू लागली.

मग गॅसचा हीटर. तो पेटेना. गॅसची बाटली, म्हणजे सिलिंडर, निळी होती. निळ्या बाटलीतला गॅस कडाक्याच्या थंडीत झोपून जातो आणि लाल बाटली लागते, हे ज्ञान दोन वर्षांत अनुपपर्यंतही पोचलं नव्हतं, कारण तो फक्त जुलैत गेला होता. "तिला काहीतरी पांघरूण घाल," त्याने फोनवर सल्ला दिला. उल्हासने बाटलीला जुनी शाल गुंडाळली आणि वर आपली माकडटोपी चढवली. कॉलिन येऊन त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी हीटर उघडून आत डोकावलं आणि सांगितलं की याची सर्व्हिसिंग कधीच झालेली नाही, लाल असो वा निळी, याला हात लावायचा नाही. राहिला विजेचा पंखेवाला हीटर. गॅरेजमधून लांब वायर ओढून तो जोडला. टोपी बाटलीवरून परत उल्हासच्या डोक्यावर आली.

व्याही आले. राजीवराव कोठेकर विद्युत खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, बोलायला दिलखुलास. सुमनताई सडपातळ, शांत, आणि इतक्या नम्र की त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकायलाही संकोच वाटावा. मंजिरी एरवी नवऱ्याला "अरे उल्हास" म्हणायची. ती एकदम "अहो" म्हणू लागली. उल्हासला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं की आपण कुठल्यातरी गंभीर भानगडीत सापडलो आहोत.

"तुम्ही बाहेर झोपणार? ते काही नाही जी, आम्ही झोपतो बाहेर," राजीवराव म्हणाले.

"छे छे! आम्हाला तिथेच बरं वाटतं. मोकळी हवा!" उल्हास म्हणाला.

मोकळी हवा पहिल्याच रात्री सगळ्या बाजूंनी भेटायला आली. हीटरने कपाळ भाजायचं आणि पाय गोठायचे. श्वासाची वाफ छताला जाऊन जमायची आणि पहाटे थेंब थेंब परत मिळायची. मंजिरी सकाळी उठली ती कोट, टोपी, हातमोजे आणि एक निश्चय घालून. तिने आपली उशी काखेत मारली, स्वरालीच्या खोलीत गेली, आणि पुन्हा कॅराव्हॅनमध्ये पाऊल टाकलं नाही.

"तूही ये. हॉलमध्ये सोफा आहे," ती म्हणाली.

पण सोफ्यावर झोपलेला यजमान सकाळी सहाला चहाला उठणाऱ्या व्याह्यांना दिसणार. उल्हासचा स्वाभिमान सोफ्यावर मावत नव्हता. शिवाय नाश्त्याला सुमनताईंनी "झोप लागली ना?" असं विचारल्यावर तो "अगदी लहान मुलासारखी" असं म्हणून बसला होता. लहान मुलं रात्रभर रडतात, ही गोष्ट कोणी काढली नाही हे त्याचं नशीब.

तिसऱ्या दिवशी राजीवराव आंघोळीला गेले, अंगाला साबण लावला, आणि घरातली वीज गेली. दिवे, बॉयलर, शॉवर, सगळं. जिन्यावर टॉवेल गुंडाळलेले, फेसाळलेले राजीवराव अवतरले. उल्हास लाजेने अर्धा झाला. पण पाहुण्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांना झालेला कोणी पाहिला नसेल.

"फ्यूजबोर्ड कुठाय?"

जिन्याखालच्या कपाटात, टॉवेलवरच, त्यांनी निदान केलं: भार जास्त होऊन राहिला. उपाय त्यांच्या हातचा होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी घरात भारनियमन लागू केलं. किटली चालू तेव्हा कॅराव्हॅन बंद. ओव्हन चालू तेव्हा कॅराव्हॅन बंद. वॉशिंग मशीन चालू तेव्हाही कॅराव्हॅनच बंद. भारनियमनाचा कंटाळा आला हे देश सोडण्याच्या कारणांत उल्हास नेहमी मोठ्याने सांगत असे. आता ते विमानाने त्याच्या दारात येऊन उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलिननी दाखवलं की वायरचा जोड नुसताच पावसाच्या डबक्यात पडला होता. तो उचलून विटेवर ठेवला आणि वीज पुन्हा गेली नाही. तरीही राजीवरावांनी भारनियमन मागे घेतलं नाही. "डबकं हे निमित्त," ते म्हणाले. "शिस्त ती शिस्त." आणि ते गॅरेजला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवू लागले.

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. बायको घरात, पाहुणे घरात, आणि नवरा रोज सकाळी माकडटोपी घालून, दात घासायचा ब्रश हातात धरून कॅराव्हॅनमधून बाहेर येतो. याचा अर्थ इंग्लंडात एकच होतो. एका सकाळी ब्रेंडा गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. पिशवीला विणलेलं कव्हर होतं, त्यावर मेंढी. "शी विल कम अराउंड, लव्ह," म्हणजे निवळेल तिचा राग, असं म्हणून तिने उल्हासच्या दंडावर थोपटलं. त्याच संध्याकाळी कॉलिन लझान्या घेऊन आले आणि दाराशी घुटमळत म्हणाले, "मेट, मीपण यातून गेलोय. आमचं तर चार महिने चाललं. फुलं ने. आणि भांडी घास."

"आमचं भांडण नाहीये! घरात पाहुणे आहेत!"

"ऑफ कोर्स आहेत," कॉलिन समजुतीने म्हणाले.

भांडण नव्हतं हे खरं. निदान नवरा-बायकोत नव्हतं. घरात मात्र त्याहून भयंकर गोष्ट चालू होती. दोन विहिणी एकमेकींशी अतिशय गोड बोलत होत्या. सुमनताई म्हणायच्या, लग्न नागपुरात मे महिन्यात करावं असं आपलं वाटतं, पण तुमची इच्छा. मंजिरी म्हणायची, इथे ऑगस्टमध्ये छान हॉल मिळतो, पण तुम्ही म्हणाल तसं. मग दोघी एकमेकींना आग्रहाने पोळी वाढायच्या. आठवडा झाला तरी तारीख तसूभर हलली नव्हती आणि प्रत्येक "तुमची इच्छा" आधीच्यापेक्षा थंड होत चालली होती. त्यामानाने कॅराव्हॅन उबदार म्हणावी.

एकदा ऑफिसची मीटिंग सोडून स्वराली कॅराव्हॅनमध्ये आली आणि ड्यूवेत, म्हणजे जाड रजईत, शिरून बसली.

"बाबा, तुझा कॅराव्हॅन इज फ्रीझिंग."

"तुझी. कॅराव्हॅन ती असते."

"व्हॉटेव्हर. बाबा, मला भीती वाटतो. आई आणि काकू दोघी इतक्या पोलाइट आहेत. प्रणव म्हणतो, त्याचा आई असा पोलाइट असला की शी इज रिअली हर्ट. मग पुढे काय? ते परत गेले आणि काहीच ठरलं नाही तर?"

उल्हासने तिचं व्याकरण सुधारलं नाही. तिचे पाय बर्फासारखे झाले होते, त्याने मेंढीची पिशवी तिच्या पायांखाली सरकवली आणि म्हणाला, "ठरेल गं." हे तो ज्या आवाजात बोलला तो आवाज त्याने "अगदी लहान मुलासारखी" म्हणताना वापरला होता.

शनिवारी सकाळी राजीवराव नेहमीप्रमाणे भारनियमनाच्या पाहणीला आले. ही पाहणी हल्ली लांबत चालली होती. घरात त्यांच्यासाठी हीटिंग अखंड पेटलेलं असे आणि त्यांना त्या गरम, बंद खोलीत घुसमटायला होत असे. पण यजमान बाहेर कुडकुडतोय म्हटल्यावर गरम होतं अशी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? म्हणून ते इथे येऊन, शाल पांघरून, उल्हासबरोबर थर्मासमधला चहा पीत बसत.

"थंडी वाजून राहिली का, उल्हासराव?"

"छे," उल्हास म्हणाला. पेला दातांवर वाजला.

राजीवरावांनी शाल नीट ओढून घेतली. मग म्हणाले, "एक सांगतो. सुमनला बोलू नका. नागपूर कशासाठी म्हणतो, माहिताय? माझी आई. लीलावतीबाई. तिला आता विमानात बसवत नाही. खुर्चीतून पलंगावर नेतो आम्ही. प्रणवला तिनं मोठा केला. त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या एवढंच म्हणते."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सुमन म्हणते, म्हातारीला पुढे करून मुलीकडच्यांना अडवायचं नाही. ते बरं दिसत नाही."

उल्हासने पेला खाली ठेवला. मग त्याच्या तोंडून निघालं, "आमच्या हिचंही तसंच आहे. हिचे आईवडील दोघेही गेले. तिथे तुमचा एवढा मोठा गोतावळा. आपल्याच मुलीच्या लग्नात आपण पाहुण्यासारख्या कोपऱ्यात बसू, असं तिला वाटतं. मला म्हणाली. तुम्हाला कशी म्हणणार?"

दोघे बापये शाली पांघरून बसले. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघांनाही बोलायची मनाई होती.

दुपारी, स्वराली आणि प्रणव मिठाई आणायला गाडी घेऊन लंडनच्या एजवेअरला गेले असताना, पॉलीन आल्या. या इस्टेटच्या, म्हणजे वसाहतीच्या, रहिवासी कमिटीच्या अध्यक्ष. उंच, हातात छत्री, स्वर मऊ. उल्हास आणि राजीवराव कॅराव्हॅनच्या दाराशीच उभे होते. पॉलीननी सांगितलं की इस्टेटच्या नियमाप्रमाणे रस्त्यावरून दिसेल अशी कॅराव्हॅन ठेवता येत नाही आणि तिच्यात झोपता तर मुळीच येत नाही. मग आवाज आणखी उतरवून त्यांनी विचारलं, "मिस्टर राजवाडे, तुम्हाला घरात जायची परवानगी आहे ना? मदतीसाठी फोन नंबर असतात."

हे मंजिरीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. नवऱ्याला कोणी दरडावतंय एवढंच तिला कळलं. ती कणकेचे हात घेऊन, स्लिपर्सवर, तशीच बाहेर धावली. विहीणबाई धावल्या म्हणून सुमनताई साडीवर एक पातळ स्वेटर घालून मागोमाग धावल्या. आणि मागून वारा आला आणि घराचं दार धाडकन लागलं.

इंग्लंडातलं दार एकदा लागलं की किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ल्या आत. मंजिरीचा फोन आत. मागचं दार राजीवराव सुरक्षेसाठी रोज स्वतः बंद करत, तेही आतून. उल्हासने स्वरालीला फोन लावला. ती मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तास तरी लागणार होता. कॉलिन आणि ब्रेंडा दोघांच्याही गाड्या जागेवर नव्हत्या. एवढं कळेपर्यंत आकाशातून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडू लागलं.

"आत चला, आत चला!" उल्हास म्हणाला. यजमानपणाची सवय मोठी वाईट. त्याने पॉलीननाही आत बोलावलं, आणि त्यांची छत्री वाऱ्याने नुकतीच उलटी झाली होती, म्हणून त्या आल्या.

चारजण कसेबसे मावतील अशा बाकांवर पाचजण बसले. हीटर लावायला हात पुढे केला तर तो बंद. ओव्हनची वेळ. स्विच गॅरेजमध्ये. गॅरेजच्या किल्लीसाठी सगळ्यांनी राजीवरावांकडे पाहिलं. त्यांनी खिसे चाचपले आणि आपला कोट आत खुंटीवर असल्याचं अगदी बारीक आवाजात सांगितलं. विद्युत खात्याचा इतका कमी दाबाचा आवाज पूर्वी कोणी ऐकला नसेल.

सुमनताईंचे ओठ निळे पडू लागले होते. मंजिरीने ड्यूवे ओढला, त्यांच्याभोवती लपेटला आणि कणकेच्या हातांनीच त्यांचे हात चोळू लागली. "अहो, साडीवर कशाला आलात धावत?"

"तुम्ही... धावलात म्हणून," सुमनताई म्हणाल्या.

थंडीत माणसाला खोटं बोलता येत नाही. दात वाजत असताना शब्द निवडायला सवड कुठली? उल्हासला नेमकं काय झालं ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. तो एकदम म्हणाला, "मला मे महिना चालेल. नागपूर. ऊन. शेहेचाळीस डिग्री. मला आत्ताच चालेल!"

"अहो!" मंजिरी म्हणाली. या "अहो"त तिच्या सगळ्या "अरे उल्हास" एकवटल्या होत्या.

"मंजिरी, प्रणवची आजी आहे. तिला विमानात बसवत नाही. तिला अक्षता टाकायच्यात. आणि सुमनताई, ही नको म्हणते ते तिथे हिचं कोणी नाही म्हणून. झालं. सांगितलं."

राजीवराव छताकडे बघू लागले. छतातून त्यांच्या चष्म्यावर एक थेंब पडला.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मंजिरी सुमनताईंना म्हणाली. तिचा हात चोळायचा थांबला नव्हता. "आजींसाठी म्हटल्यावर मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हणूनच नाही सांगितलं. नाही म्हणताच आलं नसतं तुम्हाला." सुमनताईंचे डोळे भरून आले. "आणि तुमचं कोणी नाही कसं? मला एकटीला एवढं झेपते का? आमच्याकडच्या बायका नुसत्या चुका काढतात. मी तर म्हणत होते, तुम्ही महिनाभर आधी या. माझ्याकडेच राहा."

"रुखवतातलं मला काही येत नाही हो."

"मलाही नाही येत. विकत आणू. केलं म्हणून सांगू."

मंजिरीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने नाक ओढलं. "पण मे महिना म्हणजे... माझ्या ऑफिसच्या बायका तिथे वितळतील हो."

सुमनताईंनी आश्चर्याने पाहिलं. "मे आम्हाला कुठे हवाय? मेमध्ये आम्हीच नागपुरात थांबत नाही! तुम्हाला सुट्ट्या तेव्हाच असतील म्हणून मी मे म्हटलं."

"मला तर डिसेंबरमध्ये जास्त सुट्टी असते!"

"मग डिसेंबर! मोसंबी असते, हुरडा असतो, हवा कशी छान असते!"

पॉलीन टेनिसची मॅच बघावी तशा या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "इज एव्हरीवन ऑल राइट?" त्यांनी विचारलं.

"मॅरेज इज फिक्स्ड," उल्हासने "लग्न ठरलं" याचं इंग्रजी केलं.

पॉलीननी त्याच्याकडे आणि मंजिरीकडे आळीपाळीने पाहिलं. "ओह, आय ॲम सो ग्लॅड," त्या मनापासून म्हणाल्या. "तुम्ही दोघं परत एकत्र आलात!"

हा गैरसमज दूर करायचा विचार उल्हासने सोडून दिला. सुमनताईंनी पदराखालून पॉलीनच्या गुडघ्यांवर ड्यूवेचं टोक ओढून घातलं होतं. राजीवराव थर्मासच्या झाकणात उरलेला चहा सगळ्यांना घोट घोट वाटत होते. पाच माणसांच्या श्वासाने फॉइलला घाम सुटला होता, कोणीतरी हातमोजे काढले, कोणीतरी टोपी, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उल्हासच्या पायांची बोटं त्याची त्याला जाणवली. मंजिरी मानपानात काय काय गाळायचं ते सांगत होती, सुमनताई आणखी दोन गोष्टी गाळत होत्या, आणि कॅराव्हॅन शुक्रवारपर्यंत हलवायची, हे पॉलीननी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते कोणीच ऐकलं नाही, कारण त्या स्वतःच दुसरा घोट मागत होत्या.

बाहेर गाडी थांबली. मिठाईचे डबे छातीशी धरून, बर्फाने पांढरी झालेली स्वराली धावत आली आणि तिने कॅराव्हॅनचं दार सताड उघडलं. मागे प्रणव. आत ड्यूवेखाली एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन विहिणी, शेजारी कमिटीच्या अध्यक्षबाई, आणि समोर एकाच शालीत दोन व्याही.

"ओह माय गॉड! काय झाला? सगळे ठीक आहात? कोण रडला?"

तिला काय झालं ते सांगायला वेळ लागणार होता. त्याआधी तातडीची गोष्ट होती, आणि ती आतल्या पाचहीजणांनी, पुणेरी, नागपुरी आणि इंग्रजीत, एका आवाजात ओरडून सांगितली:

"आधी दार लाव!"